माशाला पर्याय नव्हता

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध मातेचा अंत्यविधी आम्ही पार पाडला. बाई सर्वांच्या परिचयाच्या. ऐन तारुण्यात वैधव्य आलेले, पदरी तीन लेकरे आणि थोडीशी वाडी. पहाटेच्या गाडीने भाजीच्या टोपल्या घेऊन दादर गाठायचे आणि दुपारी परतून पुन्हा वाडीच्या पाण्याकडे पाहायचे, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे चालला. मुले शिकली, मार्गी लागली. अशा मातेविषयी प्रवचन करताना धर्मगुरूला शब्द शोधावे लागत नाहीत. आम्हीही फारसे शोधले नाहीत. आम्ही सामन माशाचा दाखला दिला. हा मासा समुद्रातून शेकडो किलोमीटर उलट्या प्रवाहाने आपल्या जन्मस्थानी येतो, अन्नाचा कण न घेता येतो, अंडी घालतो आणि तेथेच प्राण ठेवतो. पिलांसाठी देह ठेवणाऱ्या त्या मादीसारखीच ही माता होती, असे आम्ही म्हणालो. मंदिरात अनेकांचे डोळे ओलावले. प्रवचन साधले, असे आम्हांस वाटले.

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर त्यांची थोरली मुलगी आमच्याकडे आली. थोडा वेळ घुटमळली आणि म्हणाली, “फादर, रागावू नका, एक बोलते. माशाचं ठीक आहे. त्याला दुसरं काही सुचतच नाही. आमच्या आईला सुचत होतं.” मग तिने सांगितले, की पती वारल्यानंतर वर्षभरात आईला परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. मुलांना आजोळी ठेवून जावे लागले असते. आई गेली नाही. प्रवेशाचे ते पत्र पेटीच्या तळाशी, लग्नाच्या साडीखाली, आता सापडले. “पन्नास वर्षं जपून ठेवलं होतं, फादर. आणि आम्ही तिला एकदाही विचारलं नाही, की तुला काय व्हायचं होतं.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढे अनेक दिवस तो प्रश्न मनात राहिला. ज्याला पर्याय नाही, त्याच्या कृतीला त्याग म्हणता येईल काय? आणि ज्या व्यक्तीला पर्याय होता तिची तुलना पर्याय नसलेल्या प्राण्याशी केली, तर तो तिचा गौरव होतो, की नकळत उपमर्द? या प्रश्नाचा विचार करावयाचा, तर ज्या माशाला आम्ही घाईघाईने व्यासपीठावर ओढून आणले, त्याची हकिकत आधी नीट समजून घ्यावयास हवी.

येथे एक खुलासा केलेला बरा. आपल्याकडील बाजारात आणि खानावळीत रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणण्याची रीत पडली आहे. परंतु रावसाचे आणि सामनचे कूळ अगदी वेगळे. खरा सामन उत्तर गोलार्धातील थंड पाण्याचा मासा. पॅसिफिक महासागराच्या अमेरिकेकडील किनाऱ्यावर त्याच्या चिनूक, सॉकाय, कोहो, पिंक आणि चम अशा पाच जाती नदीत चढतात आणि अंडी घातल्यावर मरतात. अटलांटिकमधील सामन मात्र अंडी घातल्यानंतर मरतोच असे नाही. त्यांतील काही पुन्हा समुद्रास मिळतात आणि पुन्हा नदीत येतात. म्हणजे संततीसाठी मेलेच पाहिजे, असा काही सृष्टीचा सरसकट नियम नाही. ही गोष्ट आम्हांस प्रवचनाच्या वेळी ठाऊक होती. परंतु ती सांगितली असती तर दाखला लंगडा पडला असता, म्हणून आम्ही ती सांगितली नाही.

हा मासा आम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे. २०१८ सालच्या ऑक्टोबरात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्थायिक झालेल्या, मूळच्या आमच्याच धर्मग्रामातील एका कुटुंबाकडे आमचा मुक्काम होता. त्यांनी आम्हांस मोटारीने डोंगररांगा ओलांडून ॲडम्स नदीच्या काठी नेले. ही नदी लांबीने लहान. परंतु सॉकाय सामनसाठी तिची ख्याती मोठी. दर चौथ्या वर्षी येथे माशांचा महापूर येतो. २०१०, २०१४, २०१८, २०२२ अशी त्याची पाळी. समुद्रापासून फ्रेझर नदी, तिची उपनदी थॉम्पसन, मग शुस्वाप सरोवर असा सुमारे पाचशे किलोमीटरांचा चढ चढून हे मासे येथे पोहोचतात.

नदी उथळ होती, जेमतेम गुडघाभर; आणि ती लाल दिसत होती. समुद्रात असताना रुपेरी असणारा हा मासा नदीत शिरल्यावर लालभडक होतो, त्याचे डोके हिरवट पडते, नराचा जबडा आकड्यासारखा वाकतो. नदीत शिरल्यापासून तो काही खात नाही. अंगातील चरबी आणि मांस जाळीतच वर चढतो. आमच्या डोळ्यांसमोर एक मादी कुशीवर वळून शेपटीच्या फटकाऱ्यांनी तळाची वाळूगोटे उडवीत होती. असा खड्डा करून त्यात ती अंडी सोडते, नर त्यांवर आपले बीज सोडतो, मग ती वरच्या अंगाचे गोटे उडवून तो खड्डा बुजविते. एका मादीची अंडी तीन-चार हजार असतात. त्यानंतर जितके दिवस जीव राहील, तितके दिवस ती त्या जागेवर पहारा देते. तिच्या शेपटीचे पाते झिजून पांढरे झाले होते. काठावर मेलेल्या माशांचा खच होता आणि वासही होता. आमच्या यजमानांच्या लहान मुलीने नाक दाबून विचारले, “फादर, यांची पिल्लं यांना कधीच बघणार नाहीत?” आम्ही म्हणालो, “नाही.”

खरोखरच नाही. अंडी हिवाळाभर गोट्यांखाली असतात. पिल्लू बाहेर येते तेव्हा त्याच्या पोटाला बलकाची पिशवी असते; आईने दिलेली ती एवढीच शिदोरी. वसंतात ती पिल्ले गोट्यांतून वर येतात, शुस्वाप सरोवरात उतरून तेथे वर्षभर वाढतात आणि पुढच्या वसंतात समुद्राची वाट धरतात. उत्तर पॅसिफिकमध्ये दोनेक वर्षे हजारो किलोमीटर फिरून, वयाच्या चौथ्या वर्षी ती माघारी वळतात. तीन-चार हजार अंड्यांतून सरासरी दोन मासे परतले, म्हणजे वंश टिकला.

माघारी वळतात, पण वाट कशी ओळखतात? अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर हॅस्लर या प्राणिशास्त्रज्ञाला या कोड्याची एक किल्ली अकल्पितपणे सापडली. युटामधील डोंगरात, आपल्या बालपणीच्या मुलखात, ते चढण चढत असता धबधब्यापाशी शेवाळ आणि रानफुले यांचा वास आला आणि विसरून गेलेले लहानपण एकाएकी डोळ्यांपुढे उभे राहिले. माणसाचे असे, तर माशाचे का नसावे? मे महिन्याच्या अखेरीस वाडीच्या तापलेल्या मातीवर पहिली सर पडते, त्या वासाने परदेशातून आलेला मुलगा अंगणातच कसा थबकतो, हे आपल्या घराघरांतून पाहावयास मिळते. हॅस्लर आणि त्यांचे सहकारी वॉरेन विस्बी यांनी १९५१ साली असे मांडले, की प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला तेथील माती आणि वनस्पती यांचा स्वतःचा वास असतो, आणि समुद्राकडे जाण्यापूर्वी तो पिलाच्या स्मृतीवर कायमचा उमटतो. पुढे वॉशिंग्टन राज्यातील ओढ्यांवर कोहो माशांच्या नाकपुड्यांत कापूस घालून त्यांना सोडले, तेव्हा ते वाट चुकले. मोकळ्या नाकाचे बव्हंशी आपल्या ओढ्यात गेले. खुल्या समुद्रात पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना वाट दाखवीत असावे, या मताला फ्रेझर नदीच्या माशांविषयीच्या छप्पन्न वर्षांच्या नोंदी तपासून २०१३ साली पुष्टी देण्यात आली.

आणि मेल्यानंतर? मेलेल्या माशांचे शरीर नदीत कुजते. त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर किडे वाढतात, त्यांवर पिल्ले पोसली जातात. अस्वले मासे पकडून रानात नेतात आणि अर्धवट खाऊन टाकतात. त्यामुळे समुद्रातील नत्र झाडांच्या मुळांपर्यंत जाते. अलास्कात नदीकाठच्या झाडांच्या पानांतील पाव हिश्शाच्या जवळपास नत्र सामनकडून आल्याचे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्या झाडांची सावली पाण्यावर पडते आणि पाणी थंड राहते. थंड पाण्यावाचून पिल्ले जगत नाहीत. ज्यांना आईबाप कधी दिसले नाहीत, ती पिल्ले अशा रीतीने त्यांच्याच आधारावर जगत असतात.

हे सारे पाहिल्यावर ‘त्याग’ हा शब्द ओठांवर येतो, त्यात नवल नाही. तथापि सेमिनरीत आम्हांस संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद शिकविला गेला होता, तो या ठिकाणी आठवतो. माणसाच्या हातून घडणारी प्रत्येक क्रिया ही मानवी कृती नव्हे, असे ते म्हणतात. विचारात गढलेला माणूस दाढीवरून हात फिरवितो. ती क्रिया माणसाची खरी, पण तिला नैतिक मोल नाही. जी कृती जाणून आणि इच्छून केली जाते, तीच खरी मानवी कृती. पुण्य आणि पाप तिलाच लागू. या कसोटीवर माशाची ती अद्भुत चढण थोर आहे, परमेश्वराच्या योजनेची साक्ष आहे. परंतु त्याग नाही. मादीपुढे दोन वाटा नव्हत्या. प्रभू येशूच्या मरणाला तारणाचे मोल आले, तेही केवळ मरणामुळे नव्हे. गेथसेमनी बागेत त्या रात्री दुसरी वाट होती. ती त्याला दिसत होती, आणि तिच्याकडे पाहून त्याने नकार दिला.

म्हणजे मुलगी बरोबर होती आणि आमचे प्रवचन चुकले होते. पण ही केवळ अलंकाराची चूक असती, तर आम्ही येथे तिचा पाढा वाचला नसता. एखाद्या मातेचे झिजणे हे निसर्गाच्या खाती जमा केले, की आपण फार सोयीस्कर रीतीने मोकळे होतो. ‘आईच ती, ती झिजायचीच,’ असे आपण म्हणतो. आणि नदी वाहते, आंबा मोहोरतो, तशी आई राबते, असे समजून चालतो. निसर्गाचे आभार कोण मानतो? निसर्गाचे ओझे कोण वाटून घेतो? त्या मातेने ते पत्र एकदा पेटीत ठेवले आणि विषय संपला, असे नव्हे. पहाटे साडेतीनला गजर झाल्यावर न उठण्याचा पर्याय तिला रोज होता. ती रोज उठली. त्या प्रत्येक पहाटेला एक निर्णय होता, आणि प्रत्येक निर्णयाला काही किंमत होती. तिला मासा म्हणून आम्ही ते सारे निर्णय पुसून टाकले. आणि तिची टोपली स्टेशनापर्यंत कुणी उचलून दिली, कुणी दिली नाही, हा प्रश्नही त्यासरशी पुसला गेला. स्तुती करून ऋण बुडविण्याची ही रीत आपल्या समाजात जुनी आहे. प्रवचनपीठावरून ती आम्हीच चालविली, याची खंत वाटते.

याच विचाराची दुसरी बाजूही आहे, आणि तीही आम्हांस सामननेच दाखविली. जेथे पर्याय नसतो तेथे आपण त्याग पाहतो. आणि जेथे पर्याय असतो, तेथे, विशेषतः तो आपला स्वतःचा असेल तर, ‘इलाज नव्हता’ असे म्हणतो.

फ्रेझर नदीच्या वाटेवर ‘हेल्स गेट’ नावाची अरुंद घळ आहे. लोहमार्ग बांधताना तेथील खडक फोडून नदीत लोटण्यात आले, आणि १९१४ च्या फेब्रुवारीत एक मोठी दरड कोसळून घळ आणखी आवळली. पाण्याला असा वेग आला, की मासे चढू शकेनात. १९१३ हे माशांच्या महापुराचे वर्ष होते. घळीखाली त्यांचे थवेच्या थवे अडून मेले. तेथील मूळ रहिवाशांनी मासे टोपल्यांत भरून अडथळ्यापलीकडे नेऊन सोडले. माशांसाठी पाण्याच्या पायऱ्या बांधून वाट सुकर करावयास १९४० च्या दशकाचा मध्य उजाडला. वॉशिंग्टन राज्यात एल्वा नदीवर १९१३ आणि १९२७ साली पुऱ्या झालेल्या दोन धरणांत माशांसाठी वाटच ठेवली नव्हती. सामनला नदीचा खालचा सात-आठ किलोमीटरांचा तुकडा उरला. कोलंबिया नदीवर १९४२ साली पुऱ्या झालेल्या ग्रँड कूली धरणाने वरची सारी नदी त्याला कायमची बंद केली. धरणांनी वीज दिली, घरांत उजेड आणला, शेतांना पाणी दिले. ते आम्ही नाकारीत नाही. वीज वापरणाऱ्याने धरणाला शिव्या देणे हा ढोंगीपणा होईल. परंतु माशांसाठी वाट ठेवावयाची की नाही, हा निर्णय माणसाच्या हाती होता. कित्येक ठिकाणी तो ‘नाही’ असा झाला, आणि मग त्याला प्रगतीचा अटळ नियम असे नाव मिळाले.

अटळ ते नव्हते, हे पुढे सिद्ध झाले. एल्वावरील दोन्ही धरणे २०११ ते २०१४ या काळात उतरविण्यात आली आणि वरच्या भागात पुन्हा सामन दिसू लागले. ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया यांतून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवर २००२ च्या सप्टेंबरात हजारो सामन मरून पडले होते. युरोक, करूक आदी मूळ जमातींनी त्यानंतर वर्षानुवर्षे लढा दिला, आणि २०२४ साली त्या नदीवरील चार धरणे हटविण्याचे काम पूर्ण झाले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत मासे जुन्या भिंती ओलांडून वर गेले. त्या माशांच्या कित्येक पिढ्यांनी ती वाट पाहिली नव्हती. वाट मोकळी होताच ते गेले.

या विषयी ख्रिस्तसभाही मूक राहिली नाही. कोलंबिया नदीच्या खोऱ्यातील, अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांच्या, कॅथलिक बिशपांनी २००१ साली एक संयुक्त पत्र काढून ती नदी सर्वांच्या हिताची ठेव मानण्याचे आवाहन केले. मासेमार, शेतकरी, मूळ जमाती, वीजप्रकल्पांवर अवलंबून असलेले कामगार, अशा सर्वांचा विचार त्यात आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सर्व प्राणिमात्रांना परमेश्वराच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, हेच सांगितले. माशाला पुण्य लागत नाही, म्हणून त्याच्याविषयी आपल्याला पाप लागत नाही, असे मात्र कोणी समजू नये. ज्याच्या हाती पर्याय, त्याच्या माथी जबाबदारी.

जाता जाता वाट चुकणाऱ्या माशांविषयी एक शब्द. सगळेच सामन जन्माच्या ओढ्यात परतत नाहीत. काही थोडे दुसऱ्याच नदीत शिरतात. त्यांना अपयशी म्हणण्याचा मोह होतो. परंतु हिमयुगात ब्रिटिश कोलंबियाचा बहुतेक सारा प्रदेश बर्फाखाली होता. ज्या ॲडम्स नदीला आपण त्यांचे माहेर म्हणतो, ती नदीही बर्फ वितळल्यावर अशा वाट सोडणाऱ्यांनीच प्रथम वसविली असली पाहिजे. अलास्कातील ग्लेशियर बे येथे हिमनद्या मागे हटल्यावर मोकळ्या झालेल्या नव्या ओढ्यांतही सामन असेच येऊन राहिले आहेत. परदेशी गेलेल्या मुलांच्या नावे ‘मासासुद्धा घरी परततो’ म्हणून हळहळणाऱ्या आईबापांना आम्ही एवढेच सांगू, की माशांतही काही न परतणारे असतात. आणि मुलांना सांगू, की तुम्ही मासे नव्हेत. परतण्याचा, निदान दूरध्वनी उचलून चौकशी करण्याचा निर्णय तुमच्या हाती आहे. त्या मातेला जो प्रश्न कुणी विचारला नाही, तो आपल्या आईला विचारावयास विमानाचे तिकीट लागत नाही.

यंदा त्या मातेच्या वर्षश्राद्धाचे मिस्साबलिदान होते. मुलीला आधी विचारून, तिच्या संमतीने, आम्ही प्रवचनात त्या पत्राची गोष्ट सांगितली. माशाचा उल्लेख केला नाही. एवढेच म्हणालो, की या बाईपुढे दोन वाटा होत्या. तिने एक निवडली, दुसरीचा कागद जपून ठेवला, आणि निवडलेल्या वाटेविषयी कधी कुरकुर केली नाही. तिचे ऋण मान्य करावयाचे असेल, तर आज आपापल्या घरी कोण राबते आहे ते पाहावे आणि त्यांतील काही भार आपण उचलावा.

या वेळी कुणाचे डोळे ओलावल्याचे आम्हांस दिसले नाही. मिस्सा संपल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर एक मध्यमवयीन गृहस्थ आपल्या आईच्या हातातील पिशवी घेऊ पाहत होते आणि म्हातारी ती सोडीत नव्हती. आम्ही थोडा वेळ पाहत राहिलो. अखेर तिने सोडली.